माझा क्षय आणि सखूचं डोहाळजेवण

परवा मुलीचा कान दाखवायला दवाखान्यात गेले होते. बाकाच्या एका टोकाला एक तरुण बाई पदर तोंडाशी धरून एकटीच बसलेली, आणि बाकीच्या बायका दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं. मला लगेच कळलं. मी मधल्या मोकळ्या जागेत ऐसपैस बसले. ती हळूच म्हणाली, “लांब बसा, मला छातीचा रोग हाय.” मी म्हटलं, “मला होता.” तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी आता चांगली अंगानं भरलेली आहे, तेव्हा तिचा विश्वास बसेना. मग मी तिला सगळं सांगितलं. सखूच्या डोहाळजेवणापर्यंत आले तेव्हा ती इतकी हसली की कंपाउंडर बाहेर येऊन आम्हा दोघींवर रागावला. त्यावरून वाटलं, हे लिहून ठेवावं. मी शिरूरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे शुद्धलेखनाचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

माझं नाव जैतून. आम्ही मणियार, म्हणजे बांगड्या विकणारे आणि भरणारे. माहेर शिरूरचं. घोडनदीचं म्हणा, जुनी माणसं तसंच म्हणतात. तिथं बाजारपेठेत अब्बांचं दुकान. सासर दौंडचं. माझा नवरा इंजिनांना कोळसा भरायच्या कामावर होता, पण बदलीवर. म्हणजे बोलावलं तर काम, नाहीतर घरी. मी टोपलीत बांगड्या घेऊन घरोघर फिरायची, आणि आमचं बरं चाललं होतं.

लायनीपलीकडे

दौंडात तेव्हा दोन गावं होती आणि एक आम्ही. एक गाव रेल्वेच्या क्वार्टर्सचं. तिथं नळ, दिवे, झाडं आणि रेल्वेचा स्वतःचा दवाखाना. दुसरं बाजारपेठेचं, तिथं नगरपालिकेचा दवाखाना. आणि रुळांच्या पलीकडे आमची वस्ती, पत्र्यांची आणि रुळांखालून काढलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांची. रेल्वे म्हणायची, तुम्ही कायम नोकर नाही, आमच्या दवाखान्यात येऊ नका. नगरपालिका म्हणायची, तुम्ही हद्दीत नाही, नळ मागू नका. पाऊस मात्र हद्द न विचारता आमच्यावर पडायचा.

मी तिन्हीकडे जायची. साहेबांच्या बायका, व्यापाऱ्यांच्या सुना आणि आमच्या कोळशातल्या बाया, सगळ्यांचे हात मी धरलेले. बांगड्या भरणारीइतके हात दुसरं कोणी धरत नाही. अंगठ्याच्या बुडाशी दाबायचं, पंजा मऊ करायचा, बोलण्यात गुंतवायचं, आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर. मोजून झाल्या की एक वरची भरायची, आशीर्वादाची. मग ती बाई वाकून नमस्कार करते. समोर कासारीण असो की मणियारीण, त्या वेळी तिला मान असतो. मला त्या मानाची फार हौस होती, हे कबूल करते.

हात नाजूक झाले

आता माझा मूर्खपणा ऐका. मला अडीचची बांगडी लागायची. अडीच म्हणजे मोठं माप, भरल्या हाताचं. एका उन्हाळ्यात ती कोपरापर्यंत घसरायला लागली. मग एक माप कमी, दोन-सहाची घातली. तीही सैल झाली. शेवटी सव्वादोनची, नव्या नवरीच्या मापाची, सरसर चढली, आणि मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना दाखवत बसले. बघा अम्मा, हात कसे नाजूक झाले. मण्यामण्यांची एक नक्षीची जोडी मला फार आवडायची, ती मोठ्या मापात येत नसे. ती घातली आणि वस्तीभर मिरवून आले. खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचं, पण ते कोळशाच्या धुरानं असेल म्हणून सोडून दिलं. हजारो हातांची मापं बघून सांगणारी मी, आणि स्वतःचा हात वाळतोय हे मला कळलं नाही. दुसऱ्या कोणत्याही बाईला कळलं असतं. मला बांगडीच्या आनंदात कळलं नाही.

पहिला फोटो

धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते म्हणून मुलीला घेऊन शिरूरला गेले. दुकानात एका बाईचा हात धरलेला असताना खोकल्याची उबळ आली आणि पदरावर रक्त पडलं. त्या बाईनं हात असा मागे ओढला की बांगडी फुटली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण ती फुटलीच.

अब्बांनी नगरला नेऊन छातीचा फोटो काढवला. आयुष्यातला माझा पहिला फोटो, आणि त्यात तोंडच नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि रोगाचं नाव सांगितलं. अब्बा खाली बसले. डॉक्टर त्यांना म्हणाले की आता पूर्वीचे दिवस राहिले नाहीत, इंजेक्शनं आलीत, गोळ्या आल्यात, माणूस बरा होतो. फक्त खंड पडता कामा नये. मध्ये सोडलं की रोग उसळून येतो आणि मग औषधाला जुमानत नाही. विश्रांती घ्यायची, खायचं, आणि एक दिवसाआड सुई.

सगळे विचारतात तसं मी जगेन का, असं मी विचारलं नाही. मी विचारलं, “मला परत बांगड्या भरता येतील का?”

डॉक्टर म्हणाले, “रोगाचं मी बघतो. पण बाया हात पुढं करतील का, हे माझ्या औषधात नाही.”

मी त्या दिवशी रडले ती या उत्तरासाठी. मरणाची भीती नंतर आली, आणि आली ती चांगली मुक्कामालाच.

माहेरपण

शिरूरला औषधपाण्याची काही अडचण नव्हती. दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मला माडीवरची खोली दिली, कंपाउंडर चहा प्यायला यायचा तेव्हाच सुई देऊन जायचा. अम्मीजाननी अंडी उकडून उकडून मला कोंबडीचा वीट आणला. माझी मुलगी खालून हाका मारायची, मी वरून. तिला जवळ घेता येत नसे. हे लिहितानाही हात थांबतो, म्हणून जास्त लिहीत नाही.

पण बहिणीला बघायला आलेले पाहुणे माडीवर कोण आहे हे विचारून निघून गेले. दुसरे आले, तेही गेले. घरात कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. अम्मीजान माझ्या ताटात आणखी एक अंडं ठेवायच्या आणि डोळे पुसायच्या. तेच मला जड झालं. मी दौंडला जाते म्हटलं तेव्हा अब्बा रागावले, तिथं दवाखान्याची सोय काय आहे म्हणाले. मी म्हटलं, “अब्बा, धाकटीचे हात रिकामे ठेवून मी बरी झाले, तर ते बरं होणं मला पचायचं न्हाई.” मुलगी आजीकडे ठेवली आणि एसटीत बसले. बहिणीचं पुढे छान जमलं. तिला आता तीन पोरं आहेत आणि ती मला एका अंड्यानंही विचारत नाही.

डब्यांखालून दवाखाना

दौंडात आल्यावर अब्बांचं म्हणणं पटलं. औषध नगरपालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळत होतं, पण ते घ्यायला रुळ ओलांडून जायचं. पूल पार स्टेशनाजवळ, लांब. आमच्या वाटेवर मालगाडी उभी असायची, आणि एकदा उभी राहिली की ती कधी हलेल हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. वस्तीतली माणसं डब्यांखालून वाकून जायची. गरोदर बाया जायच्या, तापानं फणफणलेली पोरं काखेत घेऊन आया जायच्या. डॉक्टर मला म्हणायचे पूर्ण विश्रांती घ्या, आणि ती विश्रांती मी दोन चाकांच्या मध्ये गुडघ्यांवर रांगत घेत होते.

एकदा तसंच रांगताना उबळ आली आणि खडीवर रक्त पडलं. त्यानंतर यांनी मला खांद्यावर उचलून नेलं. कोळशाच्या पाट्या उचलणारा माणूस. म्हणाले, “पाटीपरीस हलकी हायेस. लाज वाटू दे जरा.” मी हसले आणि हेही हसले, पण त्या दिवशी यांची बदलीची पाळी बुडाली. रोज बुडवून चाललं नसतं. दवाखान्यात विनंती केली की कोणाला तरी घरी पाठवा. तिथले डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घालून सांगितलं की वस्ती हद्दीत नाही, माणूस पाठवता येत नाही. माझ्या दोन फुप्फुसांपैकी एकालाही हद्द माहीत नव्हती. मला त्या दिवशी रोगापेक्षा त्या रुळांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

सुशीलाबाई

मग वस्तीतली गंगू उपयोगी पडली. तिला दिवस गेले होते आणि पाय सुजले होते. बाळंतपणाच्या नर्सबाईंना हद्दीची अट नव्हती, अवघडलेल्या बाईकडे त्या कुठंही जाऊ शकत. सुशीलाबाई नगरकडच्या ख्रिस्ती. पांढरं लुगडं, हातात घड्याळ, पिशवीत लाकडी नळी, पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची. पुलावरून वळसा घालून यायच्या, पण यायच्या. गंगूला बघून झालं की माझ्या दारात थांबायच्या. एकदा म्हणाल्या, “वाटेतच आहे तुमचं घर, तुमची सुई मीच घेऊन येत जाईन.” माझं घर वाटेत नव्हतं, वस्तीच्या शेवटाला होतं.

आमची अम्मा त्यांच्यासाठी चुलीवर पाणी उकळून ठेवायची. अम्मा म्हणजे सासूबाई. मिश्रीनं दात काळे, जीभ तिखट. आल्या दिवशी तिनं माझं ताट वेगळं केलं तेव्हा मला फार लागलं होतं. मग पाहिलं, तर त्या वेगळ्या ताटात तुपाची धार असायची आणि तिच्या ताटात नसायची. इंजिनाच्या ड्रायव्हरशी गोड बोलून ती माझ्या आंघोळीला बादलीभर गरम पाणीही आणायची. साहेबांच्या बायकांना बंब पेटवावा लागे, मला अख्खं इंजिन होतं.

वस्तीच्या बायाही काही कमी नव्हत्या. कोणी अंडं आणून दगडावर ठेवायची, कोणी दूध. शेजारची सखू, चार पोरांची आई, आवाजानं आणि अंगानं थोर. ती अंगणापलीकडे स्लीपरवर बसून मला गावभरच्या बातम्या ओरडून सांगायची. माझ्यासाठी जीव टाकायच्या सगळ्या. पण कोणी हात लावत नसे. अम्मा माझी टोपली घेऊन फिरून आली तर टोपली भरलेलीच परत. एक बाई तिला म्हणाली होती, तुमच्या घरात ती हाय, आमी कासारणीकडनं भरतो. अम्मानं हे मला तेव्हा सांगितलं नाही. मी टोपली पाहूनच समजले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सखूला दिवस जातात

गंगू सुखरूप बाळंत झाली. बाळ मान धरायला लागलं, सुशीलाबाईंचं येणं संपायची वेळ आली. माझी इंजेक्शनं अजून राहिली होती. आता वस्तीत दुसरी कोणी गरोदर नव्हती. आमच्या वस्तीत असं कधी होत नसे, पण नेमकं तेव्हा झालं.

अम्मानं बायांना गोळा केलं. काय ठरलं ते मला सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला सुशीलाबाई आल्या तर सखू गोधडीवर आडवी. चक्कर येते, पाय सुजतात, मळमळतं. सखूचं पोट तसं बारा महिने सातव्या महिन्यातलंच दिसायचं. बाईंनी पोटावर हात ठेवला, गंभीर चेहरा केला आणि म्हणाल्या, “हिला वरचेवर बघायला हवं.” आणि माझ्याकडे येऊन सुई देऊन गेल्या. त्या गेल्यावर सखूला जी भूक लागली ती सांगता सोय नाही.

असे महिने गेले. मी भरत चालले. सव्वादोनची बांगडी निघेना म्हणून साबण लावून उतरवली, त्या दिवशी अम्मा अंगणात नाचली. पण सखूचं पोट होतं तेवढंच. बायांना धास्ती वाटायला लागली की नर्सबाईंना संशय येईल. तेव्हा गंगूनं तोडगा काढला, डोहाळजेवण करू. जिचं डोहाळजेवण झालं ती गरोदर नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, हे विशेष.

डोहाळजेवण

दिवस बाईंच्या येण्याचाच धरला. कडुलिंबाखाली स्लीपर मांडून चौरंग केला, झेंडूच्या माळा लावल्या. कोणी पिठलं आणलं, कोणी भात, कोणी गुळाची पोळी. सखूला हिरवं लुगडं नेसवलं, फुलांनी मढवलं. तीन गल्ल्यांतल्या बाया जमल्या. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या हव्यातच. मी माझी टोपली घेऊन उठले. तेव्हा सखू माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाभी, तुम्ही बसा. पेठेतली कासारीण बोलावलीया.”

मी बसले. माझ्यासाठी खोटं पोट घेऊन महिनेच्या महिने चक्कर येऊन पडणारी बाई, पण हात द्यायला तिचंही धाडस होईना. मला तिचा राग आला नाही. घरात चार पोरं होती तिच्या. पण आतून काहीतरी खचलं.

कासारीण काही येईना. रुळांवर मालगाडी उभी होती, आणि ती डब्यांखालून रांगणारी नव्हती. सुशीलाबाई मात्र वळसा घालून वेळेवर आल्या. एवढा थाट पाहून त्या सखूच्या समोर बसल्या, पिशवीतून लाकडी नळी काढली आणि पोटावर ठेवून कान लावला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या.

अम्मानं विचारलं, “येत्यात का ठोके?”

“येतात,” बाई म्हणाल्या. “पण सखूचेच येतात. फार भ्यालीय ती.”

गंगूनं तोंडात पदर कोंबला. सखू रडायला लागली. बाई नळी पुसून पिशवीत ठेवत म्हणाल्या, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दवाखान्यात विचारलं तर सांगायला मलाही एक पोट हवंच होतं.”

बाईंनी मला जवळ बोलावलं. माझी थुंकी तपासायला दिली होती, ती साफ आली होती. हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. जैतूनपासून आता कुणाला काही होत नाही, थोडी इंजेक्शनं राहिलीत ती मी देईनच. बायांनी माना हलवल्या. पण जागची कोणी हलली नाही. बाईंनी ते पाहिलं. माझ्या टोपलीकडे पाहिलं, सखूच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

त्यांनी हातातलं घड्याळ काढून पिशवीत टाकलं, माझ्यासमोर चटईवर मांडी घातली आणि हात पुढे केला.

“भरा. माझा हात कठीण आहे, जपून.”

मी म्हटलं, “बाई, ड्यूटीवर बांगड्या चालत न्हाईत तुमाला.”

“उद्या उतरवीन. आज भरा.”

किती दिवसांनी कोणाचा तरी हात माझ्या हातात होता. औषधी साबणानं खरखरीत झालेला, खरंच कठीण. बोलण्यात गुंतवायचं असतं, पण त्या दिवशी मला गुंतवायला त्याच बोलत राहिल्या, त्यांच्या आईबद्दल, नगरच्या बाजाराबद्दल. मी अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, पंजा मऊ केला. एक चढली. दुसरी चढली. एकही वाढली नाही. वरची, आशीर्वादाची, मी शेवटी भरली. बाई उठल्या, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत वाकून मला नमस्कार केला.

मग चौरंगावरून सखू नाक पुसत उठली आणि धप्पकन माझ्यासमोर येऊन बसली.

“डोहाळजेवण माजं हाय,” ती म्हणाली, “आन् माजेच हात रिकामे व्हय?”

तिचा हात मी धरला तेव्हा आम्ही दोघीही रडत होतो, आणि रडत असताना बांगडी भरू नये, फुटते. तिच्या दोन वाढल्या. तिसऱ्यापासून नीट चढल्या. तिच्यामागं गंगू बसली, गंगूमागं तिची जाऊ, मग तीन गल्ल्यांच्या सगळ्या. सगळ्यांत शेवटी अम्मानं आपला काटकुळा हात पुढे केला आणि म्हणाली की गिऱ्हाइकं संपली असतील तर घरच्यांचंही बघ. टोपलीत एक अडीचची जोडी राहिली होती. ती मी स्वतःच्या हातात घातली. अडली, दाबावं लागलं, मग बसली.

तेवढ्यात मालगाडीनं शिट्टी दिली आणि हलली. तिच्यापलीकडून कासारीण धापा टाकत, डोक्यावर टोपली घेऊन आली आणि उशीर झाला म्हणून माफी मागायला लागली. आम्ही तिला मानानं बसवलं आणि पोटभर जेवू घातलं. भरायला मात्र वस्तीत एकही रिकामा हात उरला नव्हता.